रेडरो बॅरटने घेतली, मग आमच्या घराच्या वॉरंटीचं काय?

चेस्टरकर: जून २०२४ ला रेडरो या ब्रिटिश बिल्डर कंपनीच्या घराची चावी मिळाली आणि ऑगस्टमध्ये कंपनीच बॅरट या दुसऱ्या बिल्डरकडे गेली. पुढे बे विंडो (भिंतीबाहेर आलेली खिडकी), दारावर विटांची कमान, १९३० च्या काळातल्या घरासारखं रूप बघून आईने पहिल्या फेरीतच पसंत केलेलं घर आहे हो. उद्या काही निघालं तर जायचं कोणाकडे? आणि चांगली चाललेली कंपनी विकली तरी का?

सिव्हिलवाला: घाबरू नका. शेअर्सचे मालक बदललेत, तुमचा करार ज्या कंपनीशी झाला ती जागेवरच आहे. एनएचबीसी या नव्या घरांना वॉरंटी देणाऱ्या संस्थेची बिल्डमार्क पॉलिसी असेल तर पहिली २ वर्षं दुरुस्ती बिल्डरच्या गळ्यात, पुढची ८ वर्षं मोठ्या स्ट्रक्चरल दोषांना विमा. फोनवर बोलू नका, सगळं ईमेलवर आणि फोटोसकट.

शिरपा: विकली का ते सांगतो. रेडरोचा संस्थापक स्टीव्ह मॉर्गनने १९७४ मध्ये, वय २१, वडिलांकडून ५००० पौंड उसने घेऊन नॉर्थ वेल्समध्ये सुरुवात केली, तीसुद्धा घरांची नाही, सिव्हिल कामांची, घरं खूप नंतर आली आणि १९९४ ला शेअर बाजारात. मध्ये तो २००० साली बाहेर पडला आणि मंदीत कंपनी गाळात जायला लागल्यावर २००९ ला परत येऊन त्याने ती सावरली, तुमच्यासारखी १९३० च्या धाटणीची 'हेरिटेज' घरं त्याने त्यानंतर नव्याने आणली. मला या माणसाबद्दल खरंच आदर आहे. पण २०२२ पासून व्याजदर चढले, मॉर्गेज महागलं, गिऱ्हाईक आटलं, प्लॅनिंगची परवानगी लवकर मिळेना. मग फेब्रुवारी २०२४ ला अडीच अब्ज पौंडांचं डील, एका रेडरो शेअरला बॅरटचे १.४४ शेअर. दोघांचं मिळून वर्षाला २२ हजारांवर घरं बांधायचं टार्गेट.

मीठभाकर: बॅरटने २००७ मध्येही विल्सन बोडेन ही बिल्डर कंपनी घेतली होती, २.२ अब्जांना, कर्ज डोक्यावर घेऊन, आणि पुढच्याच वर्षी बाजार कोसळला. यावेळी शेअरच्या बदल्यात शेअर, हे बरंच शहाणपणाचं. तिचं डेव्हिड विल्सन हे घरांचं नाव अजून चालू आहे, तसंच रेडरोचंही ठेवलंय. मला काळजी ऑफिसं बंद झाली त्याची, साइटची खडानखडा माहिती असलेली माणसं तिथेच असतात. ब्रिटनच्या स्पर्धा नियामकालाही (सीएमए) श्रॉपशरमधल्या व्हिटचर्चच्या आसपास स्पर्धा कमी होईल असं वाटलं होतं, त्याची हमी घेऊनच ऑक्टोबर २०२४ मध्ये मोकळीक दिली.

चेस्टरकर: खूप आभार सगळ्यांचे. फाइल काढली, बिल्डमार्कचा कागद आहे, तारीख २८ जून २०२४. म्हणजे २ वर्षं तिथून मोजायची ना?

सिव्हिलवाला: हो, लीगल कम्प्लिशनपासून, म्हणजे घराची खरेदी कायद्याने पूर्ण झाली त्या दिवसापासून. शेवटच्या महिन्याची वाट न बघता आत्ताच लॉफ्टमध्ये, म्हणजे छताखालच्या माळ्यावर, चढून काही दोष आहे का बघा.