व्हर्च्युअल मशीन आणि वापरकर्ते यांची मांडणी: विभागानुसार करावी की कामानुसार?

धागादोरा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आमच्या कार्यालयातील ७४ व्हर्च्युअल मशीन (एका मोठ्या सर्व्हरवर सॉफ्टवेअरने चालणारे स्वतंत्र संगणक) आणि सुमारे १२० वापरकर्ते यांची व्यवस्था दोन महिन्यांपूर्वी माझ्याकडे आली. दूरस्थ डेस्कटॉपसाठी आम्ही अपाची ग्वाकामोले (ब्राउझरमधून दूरच्या मशीनवर काम करू देणारी प्रणाली) वापरतो. दहाबारा मशीन लिनक्सची आहेत, बाकी सर्व विंडोजची असून ती डोमेनमध्ये (खाती आणि परवानग्या एकाच ठिकाणी सांभाळणाऱ्या विंडोज नेटवर्कमध्ये) जोडलेली आहेत.

माझ्या आधीच्या व्यवस्थापकांनी प्रत्येक व्यक्तीच्या नावाचा एक फोल्डर करून त्या व्यक्तीला लागणाऱ्या जोडण्या (मशीनचा पत्ता आणि लॉगिन साठवलेल्या नोंदी) त्यात ठेवल्या होत्या. सुरुवातीला पंधरावीस माणसे असताना ते सोयीचे असावे, परंतु आता एकच मशीन तीनचार फोल्डरांमध्ये वेगवेगळ्या नावांनी नोंदलेले सापडते. मागील आठवड्यात अशा एका मशीनचा आयपी पत्ता बदलला. मी तीन नोंदी दुरुस्त केल्या आणि चौथी नजरेतून सुटली. जुना पत्ता मधल्या काळात वेतनाच्या मशीनला मिळाला होता, आणि सर्व जोडण्यांमध्ये एकच प्रशासकीय नाव व पासवर्ड साठवलेला असल्यामुळे भांडार विभागातील एक कर्मचारी नेहमीच्या चिन्हावर क्लिक करून थेट वेतनपत्रकासमोर जाऊन बसला. त्यांनी लगेच फोन करून कळवले म्हणून निभावले.

आता सगळी मांडणी नव्याने करायची आहे. फोल्डर विभागानुसार करावेत की कामानुसार, आणि वापरकर्त्यांचे ग्रुप त्याच फोल्डरांना समांतर ठेवावेत का, याबाबत अनुभवी सदस्यांनी मार्गदर्शन करावे.

जुनाखिळा

आपण दोन वेगळे प्रश्न एकत्र विचारले आहेत, आणि माझ्या मते मूळ घोळही तिथेच आहे. फोल्डर हे मशीन सापडावे म्हणून असतात. कोणाला काय वापरता यावे हे परवानगी ठरवते. ग्वाकामोलेत फोल्डर दिसण्याची परवानगी आणि त्यातील जोडणी वापरण्याची परवानगी या वेगवेगळ्या नोंदी आहेत. त्यामुळे माणसागणिक फोल्डर करून काहीच साधत नाही, उलट नोंदी तेवढ्या वाढतात. एका जोडणीला एकच मूळ फोल्डर असू शकतो, म्हणून दोन विभागांना लागणारे मशीन दोन्हीकडे दाखवायचे म्हटले की नक्कल करावी लागते, आणि नक्कल केली की आपल्याकडे घडले तेच घडते. शिवाय एका वेळी किती जणांनी जोडावे याची मर्यादा प्रत्येक नोंदीवर स्वतंत्र मोजली जाते, म्हणजे तीही निरर्थक ठरते.

मी असे करीन: एक मशीन, एक नोंद. वरच्या पातळीवर प्रत्यक्ष कामकाज, चाचणी आणि प्रशिक्षण असे तीन फोल्डर, आणि त्यांच्या आत लेखा, भांडार, अहवाल असे काम. याहून खोल जाऊ नये, कारण तिसऱ्या पातळीनंतर लोक फोल्डर उघडत बसत नाहीत, शोधपट्टीत नाव टाकतात. फोल्डर तयार करताना त्याचा प्रकार निव्वळ मांडणीचा ठेवावा; भार विभागणारा प्रकार चुकून निवडला गेला तर वापरकर्त्याला आतली मशीन वेगवेगळी न दिसता तो ग्रुपच एका जोडणीसारखा दिसतो, आणि मग 'माझे मशीन कुठे गेले' असे फोन सुरू होतात.

वापरकर्त्यांचे ग्रुप मात्र भूमिकेनुसार असावेत: लेखा-नोंदणी, लेखा-तपासणी, भांडार-नोंदणी, तांत्रिक साहाय्य. ही सोय ग्वाकामोलेच्या १.०.० या आवृत्तीत, म्हणजे २०१९ मध्ये आली, आणि ग्रुपच्या आत ग्रुपही ठेवता येतो. आपली माणसे डोमेनमध्ये असल्यामुळे डिरेक्टरीतील (डोमेनमधील खाती आणि ग्रुप यांच्या मध्यवर्ती यादीतील) ग्रुपच्याच नावाचा ग्रुप ग्वाकामोलेच्या डेटाबेसमध्ये तयार करून त्याला परवानगी द्यावी. मग माणूस आला किंवा गेला तरी बदल डिरेक्टरीत एकदाच करावा लागतो. थेट व्यक्तीला परवानगी देण्याचा मोह कितीही झाला तरी आवरावा.

नावांविषयी एक सूचना. विंडोज मशीनचे नाव नेटबायोस या जुन्या नामपद्धतीच्या मर्यादेमुळे १५ अक्षरांत बसवावे लागते, म्हणून 'नवा सर्व्हर', 'नवा सर्व्हर दोन' अशी नावे न ठेवता परिसर (प्रत्यक्ष कामकाज, चाचणी की प्रशिक्षण), काम आणि क्रमांक यांचे छोटे संकेत ठरवून घ्यावेत. मशीनला माणसाचे नाव देऊ नये. माणूस बदली होऊन जातो आणि त्याच्या नावाचे मशीन पुढची सहा वर्षे चालत राहते.

पडद्यामागे

वरील उत्तराशी बव्हंशी सहमत आहे, परंतु परिसर वरच्या पातळीवर ठेवणे सर्वांनाच मानवेल असे नाही. साहाय्य कक्षातील माणसाला लेखा विभागाची चाचणीची आणि कामकाजाची मशीन शेजारीशेजारी हवी असतात. आमच्याकडे काम वर आणि परिसर आत असा क्रम आहे, आणि कामकाजाच्या प्रत्येक जोडणीच्या नावाची सुरुवात ठळक संकेताने होते. चाचणीचे समजून चालू मशीन बंद करण्याचा प्रकार एकदा घडल्यानंतर हे सुचले, हे कबूल करतो.

माझा मुख्य मुद्दा वेगळा आहे. हीच मांडणी पुढे हायपरव्हायझरवरही (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवरही) करावीशी वाटेल, आणि तिथे एक खड्डा आहे. व्हीएमवेअर व्हीस्फिअर या हायपरव्हायझर प्रणालीमध्ये रिसोर्स पूल दिसायला फोल्डरसारखे असतात, म्हणून अनेक जण प्रत्येक विभागाचा एक पूल करतात. पूल ही सीपीयू आणि मेमरी यांची वाटणी आहे. दोन पूलांचे शेअर्स (ओढाताणीच्या वेळी वाटा ठरवणारे प्रमाण) 'नॉर्मल' ठेवले की दोघांना सारखाच वाटा मिळतो, मग एकात २० मशीन असोत आणि दुसऱ्यात दोन. यजमान सर्व्हरवर खरोखर ओढाताण झाली की पहिल्या पूलातील प्रत्येक मशीनच्या वाट्याला साधारण चाळिसावा हिस्सा येतो आणि दुसऱ्यातील प्रत्येकाला चौथा. एरवी काहीच जाणवत नाही, म्हणून ही चूक महिनोन्महिने लपून राहते आणि नेमकी महिनाअखेरीला वर येते. गटवारीसाठी तिथे साधे फोल्डर आणि टॅग वापरावेत.

कुलूपकिल्ली

फोल्डरांची चर्चा योग्यच आहे, परंतु भांडारातील कर्मचारी वेतनाच्या मशीनवर पोहोचला तो फोल्डर चुकल्यामुळे नव्हे. पत्ता चुकणे हे आज ना उद्या कुठेही होणारच; दार उघडले ते सामायिक प्रशासकीय पासवर्डमुळे. त्या जोडण्यांमध्ये सर्व्हरच्या प्रमाणपत्राकडे (मशीनची ओळख पटवणाऱ्या डिजिटल दाखल्याकडे) दुर्लक्ष करण्याचा पर्यायही निवडलेला असणार, अन्यथा मशीन बदलल्याचे तिथेच लक्षात येण्याची शक्यता होती.

जोडणीत पासवर्ड साठवण्याऐवजी लॉगिन केलेल्या व्यक्तीचेच नाव आणि पासवर्ड पुढे पाठवणारे टोकन ग्वाकामोलेत उपलब्ध आहे, ते वापरावे. त्यानंतर आत येऊ द्यायचे की नाही हे मशीन स्वतः ठरवते, आणि ते ठरवण्यासाठी विंडोजवर 'रिमोट डेस्कटॉप यूजर्स' हा स्थानिक ग्रुप असतो. भूमिकेचा ग्लोबल ग्रुप (माणसांची यादी) मशीनसंचाच्या डोमेन लोकल ग्रुपमध्ये (प्रवेशाची यादी) घालावा आणि ती दुसरी यादी 'ग्रुप पॉलिसी'द्वारे, म्हणजे डोमेनमधून सर्व मशीनवर लागू होणाऱ्या नियमांद्वारे, प्रत्येक मशीनच्या स्थानिक ग्रुपमध्ये बसवावी. दोन थर कशाला, असे सुरुवातीला वाटते. परंतु 'या मशीनवर कोण येऊ शकते' आणि 'ही व्यक्ती कुठे कुठे जाऊ शकते' या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्यामुळेच एका ठिकाणी मिळतात. पॉलिसीतील 'रिस्ट्रिक्टेड ग्रुप्स' वापरताना मात्र जपावे, कारण त्यातील सदस्यांची यादी आधीच्या यादीत भर घालत नाही, ती पूर्ण यादीच बदलून टाकते.

आणखी एक गोष्ट आजच तपासावी. मशीनचे ३३८९ पोर्ट (रिमोट डेस्कटॉपचे प्रवेशद्वार) सर्व नेटवर्कला खुले असेल, तर ग्वाकामोलेत जोडणी लपवून उपयोग नाही. नाव माहीत असलेला माणूस विंडोजच्या स्वतःच्या रिमोट डेस्कटॉपमधून थेट जाऊ शकतो. ते पोर्ट फक्त ग्वाकामोलेच्या सर्व्हरलाच खुले ठेवावे.

धागादोरा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. प्रमाणपत्राचा तो पर्याय खरोखरच सर्व जोडण्यांवर निवडलेला आढळला. काम वर आणि परिसर आत असा क्रम स्वीकारून लेखा विभागापासून सुरुवात केली आहे. तेथील ३१ नोंदी तपासल्या तेव्हा प्रत्यक्षात १२ मशीन निघाली.

एक अडचण आली. एका सहकाऱ्यांना सामायिक फोल्डर वाचता यावा म्हणून योग्य ग्रुपमध्ये घातले, तरी मशीनवर त्यांना प्रवेश नाकारला जातो. आपण चारदा बाहेर पडून पुन्हा आत आलो, असे ते सांगतात.

कुलूपकिल्ली

ते बाहेर पडले नसावेत, त्यांनी खिडकी बंद केली असावी. तसे केल्याने सेशन (मशीनवर चालू असलेले त्यांचे लॉगिन) फक्त तुटते, संपत नाही. पुन्हा जोडल्यावर तेच जुने सेशन समोर येते. ग्रुपचे सदस्यत्व लॉगिनच्या क्षणी विंडोजच्या सुरक्षा टोकनमध्ये (ग्वाकामोलेच्या टोकनमध्ये नव्हे) नोंदले जाते, त्यामुळे नवा ग्रुप जुन्या सेशनला दिसत नाही. त्यांना स्टार्ट मेनूतून साइन आउट करायला सांगावे, अथवा आपण प्रशासक म्हणून ते सेशन लॉगऑफ करावे. त्याआधी जतन न केलेले काम उघडे नाही ना, हे विचारून घ्यावे.

याच कारणाने, कोणाला ग्रुपमधून काढले तरी त्यांचे तुटलेले सेशन जुन्या अधिकारांसह मागे चालू राहते. तुटलेले सेशन ठरावीक वेळेनंतर संपवण्याची पॉलिसी लावता येते, पण रात्रभर अहवाल चालवणाऱ्या मशीनवर ती लावली तर काम अर्ध्यावर मरते. अशी मशीन वेगळ्या ओयूमध्ये (डिरेक्टरीतील ज्या कप्प्याला स्वतंत्र पॉलिसी लावता येते त्यात) ठेवावीत.

धागादोरा

नेमके तेच होते, साइन आउट केल्यावर फोल्डर उघडला. शेवटची शंका: बाहेरचे सल्लागार दोनतीन महिन्यांसाठी येतात. त्यांच्यासाठी वेगळा फोल्डर करावा का?

जुनाखिळा

फोल्डर नको, वेगळा ग्रुप करावा. ग्वाकामोलेच्या खात्यावर कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आणि दिवसाच्या कोणत्या वेळेत प्रवेश द्यायचा हे नोंदवता येते. खाते उघडतानाच शेवटची तारीख भरून टाकावी. डोमेनमधील खात्यालाही मुदत घालायला विसरू नये, कारण ते खाते ग्वाकामोलेबाहेरही चालते.