कॅम्पातील कपाटात सापडलेला गिप्सलँडचा अल्बम: काळ कसा ठरवावा?

शहापूरकर: नमस्कार. आमच्या पणजोबांनी बेळगावच्या कॅम्पातील एका बंगल्याचे सामान विकले गेले तेव्हा एक शिसवी कपाट घेतले होते. गेल्या महिन्यात त्याला पॉलिश करताना खालच्या खणात काळ्या पानांचा अल्बम निघाला. पहिल्या पानावर पांढऱ्या शाईने इंग्रजीत ‘गिप्सलँड, व्हिक्टोरिया’ (ऑस्ट्रेलियातील एक प्रदेश) एवढेच लिहिले आहे. वर्ष कुठेच नाही. सालीच्या छपराच्या झोपड्या, ‘वॉल्हाला’ अशी पाटी असलेल्या स्थानकात उभी छोटी आगगाडी, आणि एका टेकडीवर उंच, पांढरी, निष्पर्ण झाडे आहेत. ते चित्र हिवाळ्यातील असेल काय, आणि अल्बम साधारण कोणत्या काळातला मानावा?

खानापूरकर: आपल्या रानातला साग उन्हाळ्यात बोडका होतो, म्हणून निष्पर्ण झाड दिसले की आपण आधी ऋतू आठवतो. तिथली झाडे मात्र निलगिरीच्या कुळातील, म्हणजे बारमाही हिरवी. बुंध्याभोवती सालीचा पट्टा काढून वसाहतवाले ती उभीच मारत; मग खाली ऊन पोहोचे, गवत वाढे आणि दुभत्या गाईंना कुरण मिळे. भिंग घेऊन बुंधे पाहावेत. डोक्याहून उंचावर खाचा असतील, तर त्यांत फळी रोवून व तिच्यावर उभे राहून कुऱ्हाड चालवलेली असते, कारण तळाशी बुंधा फार पसरट असे.

निपाणीकर: आगगाडीचे चित्र अधिक मोलाचे आहे. मो या गावापासून वॉल्हालापर्यंतचा ७६२ मिलिमीटर रुंदीचा अरुंद लोहमार्ग वॉल्हालाला १९१० मध्ये पोहोचला, म्हणून ते चित्र त्याआधीचे असणे शक्य नाही. तेथील लाँग टनेल ही सोन्याची मोठी खाण १९१४ मध्ये बंद पडली. चालू खाणीचे चित्र असल्यास दुसरी सीमाही मिळेल. अर्थात ही सीमा त्या त्या चित्राची. अल्बम पुढे कधीतरी सावकाश चिकटवलेला असू शकतो.

शहापूरकर: खाचा आहेत! एका बुंध्यावर फळीसुद्धा तशीच राहिली आहे. इतके दिवस मी तिला फांदी समजत होतो. खाणीचे चित्र नाही. अल्बम बेळगावला आला कसा, हे मात्र उमगत नाही.

निपाणीकर: ब्रिटिश हिंदी सैन्यासाठी ऑस्ट्रेलियातून घोडे येत, न्यू साउथ वेल्सच्या नावावरून त्यांना ‘वेलर’ म्हणत. आपल्याकडे छावणी असल्याने तो धागा मोहक वाटतो, परंतु बंगल्यातील कोणाचे नाव अल्बममध्ये सापडेपर्यंत त्यावर कथा रचू नये.

खानापूरकर: चित्रे उचकटू नयेत, कारण मजकूर पानावर आहे, चित्रावर नव्हे, आधी प्रत्येक पानाचे अखंड छायाचित्र टिपून घ्यावे. कडांवरची निळसर चंदेरी झाक म्हणजे छायाचित्राच्या थरातून वर आलेली चांदी, ती पुसू नये. पावसाळ्यात अल्बम प्लास्टिकच्या पिशवीत मुळीच ठेवू नका.