गुडघ्यातल्या एसीएलच्या ऑपरेशनला तीन वर्षं झाली, आता पळू की नको?

नमस्कार मंडळी. वय ३७, मुक्काम लालबाग. तीन वर्षांपूर्वी कबड्डीत चढाईवरून परतताना पाय मातीत रुतला. अंग वळलं, गुडघा काही वळला नाही. टक्क आवाज रेषेबाहेरच्या पोरांनाही ऐकू गेला. एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्याची हाडं आतून बांधून ठेवणारा पट्टा (लिगामेंट), पूर्ण तुटलेलं आणि आतल्या बाजूची गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटलेली. माझ्याच हॅमस्ट्रिंगच्या, म्हणजे मांडीमागच्या स्नायूंच्या, कंडरा काढून नवीन लिगामेंट बसवलं. गादी शिवण्यासारखी नव्हती, म्हणून फाटका भाग कापला.

फिजिओ नऊ महिने केली. (खरं सांगायचं तर सहा. मग ऑफिस, मग गणपती.)

आता रोजचं सगळं जमतं. दादरचा पूल चढताना काही वाटत नाही, उतरताना मात्र वाटीच्या मागे कुरकुर होते. लोकलमध्ये तासभर उभं राहिलो की संध्याकाळी किंचित सूज, सकाळी गायब. त्या पायाची मांडी अजून दीड सेंटीमीटर बारीक आहे, टेपने मोजली. वजन मात्र सात किलो वाढलं.

कबड्डी सोडली (असं घरी सांगितलंय), पण पळायचंय. शेवटच्या तपासणीत सर्जन म्हणाले, लिगामेंट पक्कं आहे, पण पडलो त्या क्षणी कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थराला, बसलेला मार आणि कापलेली गादी परत येत नाही. अशा गुडघ्याची झीज लवकर सुरू होण्याची शक्यता जास्त, ऑपरेशनने ती टळतेच असं नाही. हे ऐकून आईने फर्मान काढलं की जिनेसुद्धा कमी चढ. राहतो तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही!

फिजिओवाल्या मॅडम बरोबर उलटं सांगतात. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, दाब पडून सुटला की सांध्यातल्या द्रवातून तिला पोषण मिळतं, त्यामुळे बसून राहणं हा उपाय नव्हे. फक्त आधी पुढच्या मांडीची ताकद चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के करा, मग पळा. दिवसा मला त्यांचं पटतं, रात्री जिना उतरताना आईचं.

ज्यांची गादीही थोडी कापलीय त्यांना विचारायचंय, तुम्ही पळता का? शिवाजी पार्कात मातीवर पळणं आणि डांबरी रस्त्यावर पळणं, दुसऱ्या दिवशीच्या सुजेत फरक पडतो का? पोहायला गेलो तर ब्रेस्टस्ट्रोकची लाथ मारताना गुडघा पिळल्यासारखा होतो, ती सोडून क्रॉलच करायचा का? मांडी घालून बसणं तुम्ही बंद केलंत का? पंगतीत मला एकट्याला खुर्ची देतात, फार लाज वाटते. आणि मांडीची ताकद मशीनवर मोजून घेतलीत, की एका पायावर उड्या मारूनच ठरवलंत?

तेलांची नावं कृपया नकोत, घरात चार बाटल्या आहेत. ऑपरेशनला दहा वर्षं उलटलेलं कोणी असेल तर त्यांनी आधी लिहा.