चीन १९५८ : गावठी भट्ट्यांचं लोखंड कशानं वाया गेलं?

डिचोलीकर
माओच्या ‘मोठ्या झेपे’त, म्हणजे झटपट उद्योग वाढवायच्या मोहिमेत, १९५८ साली १ कोटी ७ लाख टन पोलाद काढायचं ठरलं, आदल्या वर्षीच्या दुप्पट. गावोगाव मातीच्या भट्ट्या पेटल्या आणि बराच माल टाकाऊ निघाला, हे ठाऊक आहे. पण आपल्या गोव्यातल्या आमोण्याच्या झोतभट्टीतूनही (खनिज वितळवून लोखंड काढायची भट्टी) पोलाद नाही, कच्चं लोखंडच निघतं आणि ते खपतं. मग त्यांचं का चाललं नाही? फक्त उष्णता कमी पडली म्हणून?

लोहरस_फोंडा
उष्णता आहेच, पण खरा घात गंधकानं केला. झोतभट्टीत कोक, म्हणजे दगडी कोळसा भाजून केलेलं इंधन, लागतो. खेड्यांत कोक कुठला? सिचुआनसारख्या ठिकाणी लाकडी कोळशावर काम करणारे जुने कारागीर होते, तिथं बरं लोखंड निघालं. इतरत्र सरळ दगडी कोळसा लोटला आणि त्यातलं गंधक लोखंडात उतरलं.

ते काढायला चुनखडी पुरेशी हवी (मळीत, म्हणजे लोखंडावर तरंगणाऱ्या वितळलेल्या टाकाऊ थरात, चुना सिलिकाइतका किंवा थोडा जास्त) आणि मळी पाण्यासारखी पातळ वाहायला हवी. हातभात्याच्या थंड वाऱ्यावर ती चिकट राहते, लोखंडापासून सुटत नाही. गंधकही आत, मळीचे खडेही आत. गंधक ०.१ टक्क्याच्या वर गेलं की पोलादवाला तो माल घ्यायला कुरकुरतो, कारण पोलाद करताना ऑक्सिजननं कार्बन आणि सिलिकॉन जळतात, गंधक मात्र फारसं हटत नाही. लोखंड आणि त्याचं सल्फाइड मिळून ९८८ अंशांनाच वितळतात. अशा पोलादाचा फाळ लालबुंद करून घण मारला की कणाकणाच्या सांध्यातून तडकतो.

सांगेकर
खनिजाचंही बघा. भट्टीत साधारण १० ते ४० मिलिमीटरचे लंप, म्हणजे खडे, लागतात. आपल्याकडच्या फाइन्स, म्हणजे बारीक खनिज, तशाच भरल्या तर भुकटी दाटून वाऱ्याची वाट बंद होते, म्हणून त्यांचं आधी सिंटर करतात, म्हणजे भाजून गोळे बांधतात. ही तयारी परसात होणं शक्यच नव्हतं. कोटा भरेना तेव्हा लोकांच्या घरच्या कढया, कुलपं, शेतीची अवजारंही भट्टीत गेली. चांगलं घडीव लोखंड नेऊन ठिसूळ गोळे केले, याची चीड येते.

डिचोलीकर
बाब, मग हे वरच्यांच्या लक्षात कसं आलं नाही? आणि सोव्हिएतमध्येही असंच झालं का?

लोहरस_फोंडा
आकडा ऑगस्टमध्ये बैदाइहेच्या पक्षनेत्यांच्या बैठकीत पक्का झाला, हातात चार महिने. हिशेब टनांचा होता, गंधक कुणी मोजायचं? वर्षअखेरीस १ कोटी १० लाख ८० हजार टन जाहीर झाले आणि पुढं त्यातले सुमारे ३० लाख टन निकामी असल्याचं मान्य करावं लागलं. सुमारे ९ कोटी माणसं या कामाला जुंपलेली, तीही ऐन कापणीच्या दिवसांत. पीक शेतात कुजलं. पुढच्या दुष्काळाचं हे एकच कारण नव्हे. फुगवलेल्या आकड्यांवर सरकारनं उचललेलं धान्य हे त्याहून मोठं.

सोव्हिएतचं वेगळं. मॅग्निटोगोर्स्क या त्यांच्या मोठ्या पोलाद कारखान्याची आखणी अमेरिकन अभियंत्यांची, पहिली झोतभट्टी १९३२च्या सुरुवातीला पेटली आणि तिथलं लोखंड कामाचं होतं. पण अशा परदेशी यंत्रांसाठी १९३१ साली सुमारे ५० लाख टन धान्य बाहेर विकलं, आणि १९३२-३३मध्ये युक्रेन, कझाकस्तानात माणसं अन्नावाचून मेली.