नव्या ड्रोनचा व्हिडिओ लहरतोय? आपापले अनुभव लिहा

दोन महिन्यांपूर्वी कॅमेऱ्याचा ड्रोन घेतला. वडिलांना आता फार चालवत नाही. ज्या नदीकाठाने त्यांनी वर्षानुवर्षं फेऱ्या मारल्या, तो काठ त्यांना वरून दाखवायचा, एवढ्यासाठी घेतला. पहिल्या दिवशी उडवला तेव्हा मोबाईलवर सगळं छान दिसलं. घरी येऊन कार्डावरची फाईल मोठ्या पडद्यावर लावली आणि पोटात गोळाच आला. पुलाचा सरळ कठडा पाण्यातल्या प्रतिबिंबासारखा लहरत होता. झाडं, खांब, सगळंच जेलीतून बघावं तसं. मोबाईलवर येतं ते कमी रिझोल्यूशनचं थेट चित्र असतं, त्यात हा दोष सहज लपतो, हे तेव्हा माहीत नव्हतं.

पुढचे आठ दिवस सल्ले ऐकण्यात गेले. वारा असेल, कार्ड स्लो असेल, अपडेट करून बघा. कार्ड बदललं, फर्मवेअर टाकलं, सपाट टेबलावर ठेवून गिंबलचं (कॅमेरा स्थिर धरणाऱ्या, छोट्या मोटरवर चालणाऱ्या सांध्याचं) कॅलिब्रेशन तीनदा केलं. काडीचाही फरक नाही. (कार्ड स्लो असलं तर व्हिडिओ अडखळतो किंवा रेकॉर्डिंग मध्येच बंद पडतं. सरळ रेघ वाकडी होत नाही. हे मला कुणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं.)

शेवटी एका रात्री टॉर्च घेऊन बसले. गिंबल जिथे टांगलेला असतो तिथे थरथर शोषणारे छोटे रबरी डॅम्पर असतात, मण्याएवढे. तीन आपापल्या खाचेत नीट बसलेले. चौथ्याची मान अर्धीच आत गेलेली आणि रबर एका बाजूला मुरगळलेलं. एकदाही न आपटलेल्या, कोऱ्या ड्रोनमध्ये! चिमट्याने आत ढकलायला हात शिवशिवत होते, पण आवरलं. फोटो काढले आणि ड्रोन बदलून मागितला.

तुम्हालाही असं काही आलं असेल तर जरूर लिहा. काय दिसलं, काय तपासलं, शेवटी काय निघालं. ज्यांचं कोडं अजून सुटलेलं नाही त्यांनीही लिहा.

*

माझ्याकडे दोष पात्यांचा निघाला. दुसऱ्याच दिवशी उतरवताना ड्रोन गवतात कलंडला होता. वरून बघता काहीच दिसत नव्हतं. पातं उजेडासमोर धरून किंचित वाकवलं तेव्हा बुडाशी केसाएवढी चीर दिसली. त्या मोटरची दोन्ही पाती एकदम बदलली आणि लहरी गेल्या. एकच पातं बदलू नका, जुन्या-नव्याच्या वजनात फरक असतो. आणि चीर गेलेलं पातं टाकूनच द्या, हवेत तुटलं तर ड्रोन थेट खाली येतो.

*

हे असं का दिसतं ते थोडं सविस्तर लिहितो, कारण ते कळल्यावर माझी निम्मी धडपड वाचली.

या ड्रोनमधले बहुतेक सेन्सर आख्खं चित्र एका क्षणात टिपत नाहीत, वरून खाली ओळीओळीने वाचत जातात. याला रोलिंग शटर म्हणतात. फिरत्या पंख्याचा मोबाईलने फोटो काढला की पाती कोयत्यासारखी वाकडी येतात, ते याचमुळे. आता पहिली ओळ वाचताना कॅमेरा जरा डावीकडे होता, मधली वाचताना उजवीकडे, शेवटची वाचताना पुन्हा डावीकडे, तर सरळ खांब नागमोडीच दिसणार.

एक हिशेब करून बघा. मोटर मिनिटाला ९,००० फेरे घेत असेल तर सेकंदाला १५० झाले. असमतोल पातं प्रत्येक फेऱ्याला एक धक्का देतं. सेन्सरला एक चित्र वाचायला समजा १/५० सेकंद लागला, तर एका चित्रात तीन लहरी बसतात. म्हणून मी आधी लहरींकडे नीट बघतो. वर चढताना मोटरचा वेग वाढतो, तेव्हा त्या दाट होत असतील तर मूळ फिरणाऱ्या भागात आहे: पातं, मोटरचा दांडा किंवा बेअरिंग.

भर उन्हात शटर स्पीड १/२००० सेकंदावर गेला की प्रत्येक ओळ कोरीव येते आणि थरथर डोळ्यात खुपते. एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळसर काच) लावून सेकंदाला २५ फ्रेम असताना शटर १/५० वर आणलं की हलक्या पुसटपणात ती बरीच मिसळून जाते. चित्रही डोळ्याला सहज वाटतं, म्हणून मी फिल्टर वापरतोच. पण नवा ड्रोन तपासताना फिल्टर काढून ठेवा. तो दोष झाकतो आणि परत करायची मुदत तेवढ्यात निघून जाते.

*

वरच्या फिल्टरच्या मुद्द्याला जोडून. मी दुसऱ्या कंपनीचा जाड काचेचा फिल्टर लावला होता. छोट्या गिंबलला तेवढंही ओझं जड जातं. त्याची मोटर सतत झगडत राहते आणि चित्र बारीक थरथरतं. फिल्टर काढला, थरथर थांबली.

*

माझा अनुभव कडू आहे. सेवा केंद्राने पहिली तक्रार परत पाठवली, 'दोष आढळला नाही' एवढाच शेरा. चूक काय झाली ते नंतर कळलं. मी पाठवलेली क्लिप मोबाईलच्या ॲपमध्ये कापून, चॅटवरून पाठवली होती. तिथे ती इतकी दाबली गेली की लहरी आणि खराब कॉम्प्रेशन यातला फरकच उरला नाही. वर त्या दिवशी वाराही होता.

दुसऱ्यांदा बैजवार केलं. वारा पडलेली सकाळ. समोर उभ्या गजांची इमारत. ड्रोन एका जागी अधांतरी ठेवून एक मिनिट, मग सावकाश चढत एक मिनिट, मग त्याच जागी नवी पाती लावून पुन्हा तेच. शटर स्पीड हाताने ठरवून तिन्ही वेळा तोच ठेवला. कार्डावरच्या मूळ फाईल्स जशाच्या तशा दिल्या, सोबत उड्डाणाची नोंद आणि पत्रात एकच वाक्य: पाती बदलूनही लहरी तशाच आहेत. या वेळी त्यांनी मोटर उघडली. पुढच्या उजव्या मोटरचं बेअरिंग सदोष निघालं.

खरं तर ते मला आधीच जाणवायला हवं होतं. बॅटरी काढून चारही मोटर बोटाने हळूच फिरवल्या तर तीन लोण्यासारख्या फिरायच्या, चौथी मध्ये कुठेतरी किरकिरायची. मोटरच्या चुंबकाला लोखंडी कण चिकटले तरी असंच होतं, तेही एकदा बघून घ्या. तेवढं सोडून बाकी काही उघडू नका. स्क्रू फिरवल्याच्या खुणा दिसल्या की वॉरंटीवरून वाद सुरू होतो.

*

माझा ड्रोन निर्दोष होता. दुपारी तापलेल्या छपरांवरून झूम करून शूट केलं होतं, गरम हवाच लहरत होती. पहाटे तीच चौकट स्थिर आली. ड्रोन परत करण्याआधी एवढं नक्की करा.

*

मी सुटे भाग जोडून ड्रोन बनवते, त्यात गिंबल नसतो, ॲक्शन कॅमेरा थेट सांगाड्यावर. कॅमेऱ्याखाली फार टणक रबर घातलं तर थरथर जशीच्या तशी वर येते. फार मऊ घातलं तर कॅमेरा स्वतःच डुलू लागतो, ते जास्त वाईट. आधी पाती समतोल केली: हलक्या पात्यावर चिकटपट्टीचा तुकडा, तराजूवर आडवं ठरेपर्यंत. मग फ्लाइट कंट्रोलर, म्हणजे ड्रोनचा तोल सांभाळणारं सर्किट, किती जोरात सावरतो ती सेटिंग खाली आणली. उडाल्यावर मोटर चटका बसेल इतक्या तापत होत्या, ती सेटिंग जास्त असल्याची खूण होती.

*

आमच्याही ड्रोनला गिंबल नाही, फक्त इलेक्ट्रॉनिक स्थिरीकरण. दिवसा ठीक चालतं, संध्याकाळी चित्र ओढल्यासारखं डळमळतं. हा बिघाड आहे का?

*

धागा काढणारी मीच. तुमच्याकडे बहुधा बिघाड नाही. अंधारात शटर स्पीड उतरतो, प्रत्येक फ्रेम पुसट येते. सॉफ्टवेअर फ्रेम जागेवर सरकवू शकतं, पुसटपणा काढू शकत नाही. उजेड असताना उडवून बघा, फरक कळेल.

माझं सांगायचं राहिलं. डॅम्परचा फोटो आणि मूळ फाईल्स पाहिल्यावर तीन आठवड्यांनी ड्रोन बदलून मिळाला. त्याच पुलाजवळ, त्याच उंचीवर, त्याच सेटिंगवर उडवला. कठडा सरळ. फक्त सरळ खाली उतरवताना चित्र हललं आणि मला पुन्हा धडकी भरली. पण ते वेगळं निघालं: पात्यांनी खाली ढकललेल्या खळबळत्या हवेतूनच ड्रोन उतरत होता. जरा पुढे सरकत, तिरका उतरवला की नाही हलत.

परवा वडिलांना व्हिडिओ दाखवला. पूल आला तेव्हा मी कठड्याकडेच बघत होते. ते मात्र पडद्याजवळ सरकून काठावरच्या पायऱ्या मोजत होते.