स्ट्रेस एन्ड्युरन्स लिमिटच्या निम्म्याहूनही कमी, तरी शाफ्ट तुटला. असं कसं?

चक्रधर_के
नमस्कार मंडळी, एका शाफ्टने डोकं खाल्लंय. व्यास 40 एमएम, ईएन8 (मध्यम कार्बनचं स्टील), सर्टिफिकेटवर यूटीएस (तुटण्याआधी झेपणारा कमाल ताण) 650 एमपीए. टोकाला बेल्टची पुली, 1440 आरपीएम. बेअरिंगपाशी 48 वरून 40 ची स्टेप आहे आणि तुटला तो नेमका त्या स्टेपवरच. बेंडिंग स्ट्रेस काढला तर तिथे 120 एमपीए येतो. आम्हाला शिकवलेलं की स्टीलची एन्ड्युरन्स लिमिट यूटीएसच्या निम्मी धरायची, म्हणजे 325, आणि तिच्या खाली राहिलं की शाफ्टला मरण नाही, मग 120 ला आणि तेही काही आठवड्यांतच कसा काय गेला? बेल्टचा ताण पण कायम एकसारखाच आहे, कमीजास्त काही होत नाही. साहेब म्हणतात मटेरियल हलकं आहे, ईएन24 (जास्त मजबूत मिश्र स्टील) टाका. टाकू का? आणि जाता जाता, दुसऱ्या एका मशीनचा हलणारा आर्म 6061 ॲल्युमिनियमचा करायचाय, तिथेही हाच निम्म्याचा नियम ना?

फिरता_आस
ताण एकसारखा आहे हे खरं, पण शाफ्ट फिरतोय ना राव. शाफ्टच्या पृष्ठभागावरचा एक ठिपका धरा, तो बेल्टच्या ओढीच्या उलट बाजूला असताना ताणला जातो आणि अर्ध्या फेरीने ओढीच्या बाजूला आला की दाबला जातो. म्हणजे दर फेरीला +120 ते -120. 1440 आरपीएमने 1 कोटी सायकल व्हायला साधारण 116 तास पुरतात, पाच दिवससुद्धा लागत नाहीत, त्यामुळे काही आठवडे टिकला म्हणजे फटीगच्या (पुन्हा पुन्हा लोड येऊन थकून तुटण्याच्या) हिशोबाने बऱ्यापैकी जगला म्हणायचा.

आता ते 325. ते तुमच्या शाफ्टचं नाहीच, ते लॅबमधल्या साधारण साडेसात एमएमच्या, आरशासारख्या पॉलिश केलेल्या नमुन्याचं आहे. शाफ्टवर आणायचं तर काटछाट करावी लागते. टर्निंग केलेल्या पृष्ठभागासाठी 0.81 ने गुणा, 263 राहिले. 40 एमएम व्यासासाठी 0.84, 220 राहिले. 99 टक्के खात्री हवी तर परत 0.81, आले 179. आणि यात अजून स्टेप धरलेलीच नाही! तिथल्या कोपऱ्याची गोलाई, म्हणजे रेडियस, किती आहे?

चक्रधर_के
ड्रॉइंगवर रेडियस दिलेलाच नाही, टर्नरच्या टूलचा जो आला तो. गेज लावून बघितलं तर 0.5 च्या आसपास आहे. तुटलेला तुकडा समोरच आहे, कडेने सगळीकडून बारीक बारीक पायऱ्या दिसतात, मधे बराच भाग गुळगुळीत, आणि एक छोटासा खडबडीत डाग, तो पण मध्यावर नाही, जरा बाजूला.

भिंगवाला
झालं की मग, तुकड्यानेच सगळं सांगितलं. कडेच्या पायऱ्या म्हणजे रॅचेट मार्क, एका जागी नाही तर अख्ख्या घेरावर ठिकठिकाणी क्रॅक सुरू झाले आणि पुढे एकमेकांना मिळाले. खाच तीव्र असली की असंच होतं. खडबडीत डाग म्हणजे शेवटी एका झटक्यात तुटलेला भाग, तो छोटा आहे याचा अर्थ एकूण लोड फार नव्हता, क्रॅक जवळपास सगळा शाफ्ट खाईपर्यंत उरलेला भाग काम करत होता. मटेरियल हलकं म्हणून लोडखाली गेला असता तर हा डाग मोठा दिसला असता. तो तुकडा वायर ब्रशने साफ करू नका हं, आणि दोन्ही तोंडं एकमेकांवर घासून 'बघा कसं बसतंय' हा उद्योग तर मुळीच नको, अर्धा पुरावा तिथेच जातो.

फिरता_आस
बरोबर. 48 ते 40 स्टेप आणि 0.5 रेडियस म्हणजे स्ट्रेस कॉन्सन्ट्रेशन (कोपऱ्यात स्ट्रेस जितक्या पट वाढतो तो आकडा) 2.5 च्या घरात. ईएन8 खाचेला पूर्ण दाद देत नाही म्हणून प्रत्यक्षात 2 धरू. 179 भागिले 2, म्हणजे 90. तुमचे 120. तुटणारच.

आता साहेबांचं ईएन24 बघू. यूटीएस 900 धरा, निम्मे 450. पण स्टील जेवढं कडक तेवढा टूल मार्कचा त्रास जास्त, त्यामुळे पृष्ठभागाचा आकडा 0.74 वर येतो, बाकी काटछाट करून 228. खाचेलाही ते जास्त चिडतं, 2.1 धरा, हातात आले 106-108. महागडं स्टील आणून 120 च्या खालीच! उलट आहे त्या ईएन8 वर फक्त रेडियस 3 एमएम केला तर खाचेचा आकडा 1.6 होतो आणि लिमिट 112 वर जाते. म्हणजे फुकटातला रेडियस ईएन24 ला भारी पडला.

तरी तेवढ्यानेही भागत नाही, व्यास वाढवा. बेंडिंग स्ट्रेस व्यासाच्या घनाने उतरतो, 40 चे 45 केले की 120 चे 84. लिमिट 110 च्या आसपास, म्हणजे 1.3 चा फॅक्टर मिळाला. टॉर्क मी धरलेला नाही, तो एकसारखा असेल तर गुडमनमधून (सरासरी आणि बदलता स्ट्रेस एकत्र तपासायची पद्धत) मीन म्हणजे सरासरी स्ट्रेस म्हणून घ्या.

नटबोल्ट_नाना
हे सगळं कागदावर छान आहे ओ, पण 3 एमएम रेडियस केला तर बेअरिंग खांद्याला टेकणार कसं? 40 चं 6208 घ्या, त्याला शाफ्टचा रेडियस जास्तीत जास्त 1 एमएम चालतो, 45 चं 6209 घेतलं तरी तेच. मोठा रेडियस दिला की बेअरिंग त्याच्यावर चढतं, तिरकं बसतं, आणि मग बेअरिंग का गेलं म्हणून नवीन प्रश्न टाकाल. मधे एक स्पेसर रिंग घाला, आतल्या कडेला रेडियस मोकळा राहील एवढा मोठा चॅम्फर (तिरकी कापलेली कड) असलेली, दोन्ही तोंडं समांतर ग्राइंड करून. किंवा खांद्याच्या तोंडात अंडरकट (आत कोरलेली खोबण) घ्या. आणि काहीही करा पण बेल्ट नीट बघून ताणा, निम्मे शाफ्ट बेल्ट आवळण्याच्या हौसेपायी जातात असं माझं मत.

भिंगवाला
ॲल्युमिनियमचं कोणी बोललंच नाही म्हणून लिहितो. तिथे निम्म्याचा नियम चालत नाही. स्टीलचा एसएन कर्व्ह (स्ट्रेस आणि तुटेपर्यंतच्या सायकलचा आलेख) 10 लाख ते 1 कोटी सायकलच्या दरम्यान वळून आडवा होतो, ॲल्युमिनियमचा उतरतच राहतो. 6061-टी6 (उष्णता देऊन कडक केलेलं 6061) च्या डेटाशीटवर 97 एमपीए दिसेल, यूटीएस 310 असताना, म्हणजे तिसरा हिस्सा, आणि ते पण 50 कोटी सायकलसाठीचं. ती मर्यादा नाही, तेवढ्या सायकलपुरता आकडा आहे. म्हणून आधी आर्मला आयुष्यभरात किती सायकल बसणार ते मोजा, मग स्ट्रेस ठरवा.

आणि स्टीलचं 'मरण नाही' हे पण सांभाळून घ्या. जर्मन इंजिनिअर व्होलरने रेल्वेच्या ॲक्सलवर 19व्या शतकात प्रयोग केले तेव्हापासून ही कल्पना रुळली, पण पाणी, गंज असलं की स्टीलचाही कर्व्ह आडवा होत नाही. कडक स्टील तर 100 कोटीच्या पुढे पृष्ठभाग शाबूत ठेवून आतल्या इन्क्लुजनपासून (धातूत अडकलेल्या अशुद्ध कणांपासून) तुटलेली आढळली आहेत.

चक्रधर_के
भारी, सगळ्यांचे आभार. 45 व्यास, 3 रेडियस आणि स्पेसर असं ड्रॉइंग करतो, साहेबांना 106 आणि 112 चे आकडे दाखवतो. आर्मवर एक ब्रॅकेट वेल्ड करायचाय, तो धरून 97 चालेल का?

भिंगवाला
अजिबात नाही. वेल्डच्या उष्णतेने तिथला टी6 चा कडकपणा जातो आणि वेल्डची कड म्हणजे तयार खाच, तिथे 97 विसराच. बोल्टने लावा, आणि भोकं आर्मच्या वरच्या-खालच्या कडेला नको, मधोमध न्यूट्रल ॲक्सिसजवळ (जिथे बेंडिंगचा स्ट्रेस जवळपास शून्य असतो) घ्या.