तोच फोम, वेगळा धूर
आगीचा 'धूर किती विषारी हे काय जळतंय त्यावर ठरतं' असं म्हणतात, ते अर्धंच खरं. सोफ्याचा तोच फोम मोकळ्या हवेत भडकला तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तुलनेने कमी निघतो. दारं-खिडक्या बंद असलेल्या खोलीत प्राणवायू संपत आला की तोच वायू कित्येक पटींनी वाढतो, जोडीला हायड्रोजन सायनाइड हा दुसरा विषारी वायूही. पीव्हीसीचं (पाइप, वायरींच्या आवरणातलं प्लास्टिक) मात्र वेगळं आहे: त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू हवा असो-नसो, जवळपास तेवढाच सुटतो.

म्हणून कळकळीने सांगतो, बंद खोलीत ज्वाळा दिसत नाहीत म्हणजे आग विझत आली असं समजून दार उघडू नका. फटीतून धूर श्वास घेतल्यासारखा आत-बाहेर होत असेल, तर आत न जळलेला वायू कोंडलेला असतो. हवा मिळताच तो एकदम भडकतो.